ॲपवरून जोडीदार शोधताना: मराठवाड्यातल्या मुलामुलींसाठी पायरीपायरीने

मराठवाड्यात सोयरीक जमवायचं काम मामा, आत्या, गावातला एखादा हौशी मध्यस्थ आणि वर्षातून एकदा भरणारा समाजाचा वधू-वर परिचय मेळावा यांच्याकडे असायचं. आता त्यात मोबाइल आलाय. हिंजवडीत नोकरी करणारी परळीची मुलगी, वाळूजला शिफ्टवर जाणारा जाफराबादचा मुलगा, स्पर्धा परीक्षेचा नाद सोडून गावी परतलेला पदवीधर, कुणाचाही फोन उघडा, एखादं तरी ॲप सापडेल. घरी ते माहीत असेलच असं नाही.

याला नुसती हौस म्हणता येणार नाही. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलांमागे ८०७ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४ होता. त्यातली मोठी लेकरं आता लग्नाच्या वयाला येऊन ठेपलीत. शेजारच्या सोलापुरात डिसेंबर २०२२मध्ये नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून तरुणांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याची नीट अंमलबजावणी करा, अशी त्यांची मागणी होती. नात्यात आणि पंचक्रोशीत स्थळ मिळेना, म्हणून माणूस फोनमध्ये शोधतो.

ॲप ओळख करून देतं. जुना मध्यस्थ मात्र ओळखीबरोबर चौकशीही करायचा. घरदार कसं, कर्ज किती, मुलगा पितो का, पहिली सोयरीक का मोडली, हे सगळं तो दोन दिवसांत काढायचा. ते काम ॲपवाले करत नाहीत, ते आता तुमच्या गळ्यात आहे. म्हणून या लेखात फोटो-बिटोपेक्षा चौकशीला जास्त जागा दिलीय.

पायरी १: कुठल्या दारातून जायचं ते ठरवा

टिंडर, बंबल, हिंज ही डेटिंगची ॲप्स. इथे कुणी लग्नासाठी येतं, कुणी मैत्रीसाठी, कुणी पुण्यातला रविवार जात नाही म्हणून. बंबलवर मुलगा-मुलगी मॅच झाले, म्हणजे दोघांनी एकमेकांना पसंत केलं, की सुरुवात मुलीच्या हातात असते. ती पहिला मेसेज करते, किंवा तिने आधी ठेवलेल्या प्रश्नाला मुलगा उत्तर देतो. चोवीस तास नुसते गेले तर मॅच सुटते. हिंजवर ठरावीक प्रश्नांची छोटी उत्तरं द्यायची असतात आणि समोरच्याच्या एखाद्या उत्तरावर किंवा फोटोवर बोट ठेवून बोलणं सुरू करता येतं. लाजऱ्या माणसाला हे सोपं जातं. या ॲप्सवर ‘काय शोधताय’ असा रकाना असतो. लग्न हवं असेल तर तिथे तसं सरळ लिहा. लाजून ‘बघू’ असं लिहिलंत तर बघणारेच भेटतील.

शादी डॉट कॉम, जीवनसाथी, मराठी मॅट्रिमनी या लग्नाच्या साइट. त्यांवर जात, पोटजात, पगार, मंगळ असे सगळे रकाने आहेत. प्रोफाइल कुणी तयार केलं हेही लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. ‘आईवडिलांनी’ असेल तर तुमचा गोड मेसेज भावी सासरे वाचणार आहेत.

तिसरं दार म्हणजे व्हॉट्सॲपचे ग्रुप, आणि मराठवाड्यात सगळ्यात जास्त गर्दी तिथेच आहे. समाजाच्या ग्रुपवर मुलीचा फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, गाव, मामाचं कूळ आणि दोन मोबाइल नंबर असा अख्खा बायोडाटा फिरतो. सगळ्यात विश्वासाचं वाटणारं हे ठिकाण खरं तर सगळ्यात उघडं आहे, कारण तिथे कोण कोण बसलंय हे ग्रुप चालवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बायोडाटा द्यायचाच असेल तर फोन नंबर एकच ठेवा, तोही भावाचा किंवा वडिलांचा. घरचा पत्ता तालुक्यापर्यंतच. आणि जन्मवेळ कशाला? पत्रिका बघायची वेळ आली की देता येते.

फी घेऊन स्थळं दाखवणाऱ्या विवाह संस्थांसाठी राज्यात १९९८पासून कायदा आहे. त्यानुसार त्यांना नोंदणी करावी लागते. पैसे देण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. दाखवायला टाळाटाळ झाली की उठून या.

माझं मत विचाराल तर एक ॲप आणि एक साइट पुरे. आणि पैसे भरायची घाई नको. आधी फुकटच्या खात्यातच फिल्टर लावून बघा, तुमच्या दोन-तीन जिल्ह्यांत किती प्रोफाइल दिसतात, त्यातली किती अलीकडे चालू होती. दहाच दिसत असतील तर सहा महिन्यांचं पॅकेज घेऊनही दहाच दिसणार.

पायरी २: अंतराचं गणित

मुंबई-पुण्यासाठी लिहिलेले सल्ले आपल्याकडे इथेच गळपटतात. डेटिंगची ॲप्स तुमच्या फोनच्या जागेभोवती वर्तुळ काढतात. कोथरूडमध्ये दहा किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर बोट दुखेपर्यंत प्रोफाइल संपत नाहीत. अहमदपूरला तेवढंच वर्तुळ काढलं तर तुमच्या बारावीच्या वर्गातले चौघं, एक मेडिकलवाला आणि बहुधा तुमचा मावसभाऊ.

म्हणून अंतर शंभर किलोमीटरच्या पुढे न्या. अहमदपूरवाल्याच्या वर्तुळात मग लातूर आणि नांदेड दोन्ही येतात. जालन्यावाल्याला संभाजीनगर मिळतं, परभणीवाल्याला नांदेड आणि हिंगोली. दुसरं असं की आपली लग्नाळू मंडळी वर्षाचे अकरा महिने पुण्यात असतात आणि दिवाळीत, उन्हाळ्यातल्या लग्नसराईत गावी येतात. त्या दिवसांत तालुक्याच्या गावीही ॲपवर नवी माणसं दिसतात. पुण्यात राहणाऱ्यांनी उलटं करावं. पुण्यातल्या वर्तुळातच प्रोफाइलवर ‘मूळ गाव धाराशिव’, ‘मूळचा किनवटचा’ असं लिहा. वाघोली-खराडीत मराठवाड्याची माणसं काही कमी नाहीत, आणि गावाचं नाव दिसलं की बोलायला विषय आपोआप मिळतो.

गावी गेल्यावर ओळखीच्यांना दिसायचं नसेल तर टिंडर आणि हिंजवर फोनमधले नंबर आधीच ब्लॉक करायची सोय आहे. ती पहिल्याच दिवशी वापरा, विशेषतः मुलींनी. काकाच्या मुलाने स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला की पुढचं महाभारत कुणाला सांगायला नको.

पायरी ३: प्रोफाइल

फोटो चार पुरेत. एक चेहरा स्वच्छ दिसणारा, एक पूर्ण उभा, एक काहीतरी करताना, एक चार माणसांत. भावाच्या लग्नातला फेट्यातला फोटो चालेल, पण शेजारच्या वहिनींचा अर्धा हात कापलेला नको. दुसऱ्याच्या थारला टेकून, काळा गॉगल लावून काढलेला फोटो तर काढूनच टाका. मुली असे फोटो रोज डझनाने बघतात. फोटोत गाडीचा नंबर, कॉलेजचं ओळखपत्र, घरावरची पाटी, कंपनीचा बॅज दिसत नाही ना हे बघा. इन्स्टाग्रामवर टाकलेलेच फोटो इथे वापरू नका. तोच फोटो गूगल लेन्सवर टाकून कुणीही तुमचं नाव-गाव काढू शकतं.

आता लिहायचं काय. आपल्याकडचा मुलगा बहुतेक असं लिहितो: ‘सिंपल बॉय, लव्ह माय फॅमिली, ५ एकर बागायत, नो टाइमपास.’ यातून माणूस दिसत नाही, सातबारा दिसतो. तेच जरा मोकळं करा: ‘मूळचा औशाजवळचा. संभाजीनगरला मेंटेनन्स इंजिनिअर. महिन्यातून दोनदा गावी, सोयाबीन असेल तेव्हा जास्त. स्वयंपाक येतो, भाकरी गोल होत नाही. लग्नाचा विचार आहे, घाई नाही.’ एवढ्यात नोकरी, गावाशी नातं, स्वभाव आणि हेतू चारही आले. मराठीत लिहायला लाजू नका. मोडक्या इंग्रजीपेक्षा नीट मराठी कधीही उठून दिसते.

शेती करणाऱ्या मुलांनी शेती लपवू नये. ‘बिझनेस’ असं लिहून नंतर शेती निघाली की मुलीला ती फसवणूकच वाटते, आणि तिचं चूक नाही. शेतीबरोबर काय आहे ते लिहा: दूध, रोपवाटिका, ट्रॅक्टरचं भाडं, जालन्याच्या बियाणे कंपनीसाठी बीजोत्पादन. मुली शेतीला नाही म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांच्या डोळ्यांसमोर पहाटेची धार, चुलीवरचा स्वयंपाक आणि आपल्या हातात एक रुपयाही नसणं असतं. लग्नानंतर तुमच्या घरी तिचा दिवस कसा असेल, तिला नोकरी करता येईल का, हे सांगता आलं तर निम्मा अडसर जातो.

मुलींनी आडनाव, कंपनीचं नाव आणि राहण्याचा भाग प्रोफाइलवर लिहू नये. पहिलं नाव आणि जिल्हा पुरे. अटी मात्र स्पष्ट लिहा. ‘लग्नानंतर नोकरी सोडणार नाही’ हे वाक्य वाचून जे निघून जातील ते पुढेही उपयोगाचे नव्हते.

वय, उंची, पगार आणि पहिलं लग्न याबद्दल खोटं नको. पगाराचा आकडा द्यायलाच पाहिजे असं नाही, पण कंत्राटी नोकरीला कायम म्हणू नका.

पायरी ४: बोलणं

‘हाय’, ‘हॅलो डिअर’, ‘जेवलीस का’ हे मेसेज मुलींच्या फोनमध्ये पोत्याने पडलेले असतात. तिच्या प्रोफाइलमधलं काहीतरी वाचून विचारा. अंबाजोगाईची असेल तर योगेश्वरीच्या नवरात्राचं विचारा, नांदेडची असेल तर गुरुद्वाऱ्याच्या लंगरचं. उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज एकच, तोही दोन दिवसांनी. मग सोडून द्या.

नंबर मागायची घाई करणाऱ्याला मुलींनी थांबवावं. ॲपच्या आत बोलणं असलं की तक्रार करता येते, ब्लॉक करता येतं. एकदा व्हॉट्सॲपवर गेलं की समोरच्याच्या हाती तुमचा नंबर कायमचा राहतो. आठवडा-दोन आठवडे तिथेच बोला, मग व्हिडिओ कॉल करा. भेटीआधी व्हिडिओ कॉल हवाच. ‘कॅमेरा बिघडलाय’, ‘आमच्या इथे नेट नाही’ ही कारणं एकदा चालतील, तिसऱ्यांदा नाही.

पायरी ५: चौकशी

मराठवाड्यात कुणीही कुणापासून फार लांब नसतं, हे इथे तुमच्या कामी येतं. दोन फोन केले की कुठल्याही गावातला माणूस सापडतो: कुणाची तरी मावशी तिथे दिलेली असते, कुणीतरी तिथल्या झेडपीच्या शाळेवर मास्तर असतो. फक्त विचारताना कारण सांगायचं नाही. ‘ऑफिसातला ओळखीचा आहे, पैशाचा व्यवहार करायचाय, माणूस कसा?’ एवढं पुरतं. लग्नाचं नाव काढलं की संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

ओळखीशिवाय, घरबसल्या बघता येतील अशा गोष्टीही बऱ्याच आहेत.

फोटो गूगल लेन्सवर टाका. तोच चेहरा वेगळ्या नावाने कुठे दिसतो का बघा. प्रोफाइलवरची निळी खूण म्हणजे फोटो त्याच माणसाचा आहे एवढंच. नोकरी आणि लग्नाबद्दल ती काही सांगत नाही.

जमिनीच्या गप्पा असतील तर महाभूलेख या सरकारी साइटवर जा. जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबराने किंवा नावाने सातबारा बघता येतो. आठ अ बघितला की त्या गावात खातेदाराच्या नावावर एकूण किती जमीन आहे ते कळतं. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना जरूर वाचा, बँकेचा बोजा तिथे असतो. ‘दहा एकर’ म्हणणाऱ्याचं चार भावांत वाटणी होऊन अडीच एकर निघणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे. अडीच एकर असण्यात लाज काहीच नाही, खोटं बोलण्यात आहे.

कोर्टाचं बघायचं असेल तर ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने आणि वर्षाने खटले शोधता येतात. पोटगी, चेक बाऊन्स, मारहाण, काही चालू असेल तर सुगावा लागतो. एकाच नावाची दहा माणसं असतात, म्हणून नुसत्या नावावरून निवाडा करू नका. वडिलांचं नाव आणि गाव जुळतंय का बघा.

पहिल्या लग्नाचा प्रश्न थेट विचारा. आपल्या भागात अनेकांची लग्नं कोवळ्या वयात झालेली असतात. पुढे पटलं नाही की बाँडपेपरवर सोडचिठ्ठी लिहून दोन्ही घरं मोकळी होतात आणि मुलगा प्रोफाइलवर स्वतःला अविवाहित म्हणवतो. बहुतेकांच्या बाबतीत कायद्याने असलं कागदपत्र घटस्फोट ठरत नाही. कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत मागा आणि अपिलाची मुदत संपली का हे वकिलाला विचारा. पहिलं लग्न कायद्याने उभं असताना केलेलं दुसरं लग्न टिकत नाही, आणि त्याचे चटके बहुतेक वेळा दुसऱ्या बायकोलाच बसतात.

नोकरीसाठी कंपनीच्या स्विचबोर्डला फोन करून त्या विभागात त्या नावाचा माणूस आहे का विचारायला काही लागत नाही. ‘सीमेवर पोस्टिंग आहे, भेटता येत नाही, पण रोज चॅट करतो’ असं सांगणारा गणवेशातला फोटो बघितला की सावध व्हा. सैनिकांचे फोटो चोरून केलेली खाती पुष्कळ आहेत.

हे सगळं उलट्या बाजूनेही होणार आहे हे ध्यानात असू द्या. तुमचा सातबाराही कुणीतरी बघतंय.

पायरी ६: पैशाचा विषय निघाला की थांबा

न भेटलेल्या माणसाला एक रुपयाही पाठवायचा नाही. आई दवाखान्यात आहे, पाकीट हरवलं, भेटायला येतोय पण तिकिटाला कमी पडतायत, काहीही कारण असो.

फसवणुकीचे साचे ठरलेले आहेत. परदेशातला डॉक्टर किंवा इंजिनिअर तुमच्यावर भाळतो, महागडं पार्सल पाठवतो, मग विमानतळाच्या कस्टममधून बोलतेय म्हणून बाई फोन करते आणि ‘ड्युटी’ भरायला लावते. दुसऱ्या साच्यात गोड बोलणारी मुलगी महिनाभर काही मागत नाही. मग आपल्याला शेअरमध्ये, क्रिप्टोमध्ये किती मिळाले ते दाखवते आणि एका ॲपवर तुम्हालाही गुंतवायला लावते. सुरुवातीला थोडे पैसे परतही येतात. मोठी रक्कम टाकली की ॲप बंद. तिसऱ्यात रात्री व्हिडिओ कॉल येतो, समोर कपडे काढलेली बाई, तुमचा चेहरा रेकॉर्ड होतो आणि सकाळी ‘सगळ्या नातेवाइकांना पाठवतो’ म्हणून खंडणी. चौथ्यात विवाह संस्थेतून बोलतोय असं सांगून सुंदर मुलींचे फोटो पाठवतात, नोंदणीचे दोन-तीन हजार घेतात, मग भेटीचे, मग गाडीभाड्याचे.

पाचवा साचा खास आपल्याकडचा, आणि त्यात बळी जातो तो पस्तिशीकडे झुकलेला शेतकऱ्याचा मुलगा. मध्यस्थ दुसऱ्या जिल्ह्यातली ‘गरीब, आईबाप नसलेली’ मुलगी दाखवतो, लाखाच्या वर रोख घेतो, आठ दिवसांत मंदिरात लग्न उरकतो आणि काही दिवसांत नवरी दागिन्यांसकट पसार. लोक याला हसतात. घरच्यांवर काय येतं ते हसणाऱ्यांना दिसत नाही. ओळखायच्या खुणा: मुलीच्या गावचं कुणीच हजर नसणं, आधारची नुसती झेरॉक्स, मुलीशी एकट्याने बोलू न देणं आणि लग्नाची नोंदणी टाळणं. आणखी एक, ती मुलगी स्वतःच फसवून किंवा विकून आणलेली असू शकते. ती अठराच्या आतली निघाली तर २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने सज्ञान नवऱ्यावरच गुन्हा दाखल होतो.

पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जायची शक्यता जास्त. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ऑनलाइनही करता येते. व्हिडिओची धमकी असेल तर पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. स्क्रीनशॉट, नंबर, खात्याचा तपशील जपून ठेवा आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगा. लाजेपायी गप्प बसलेल्यालाच ते पिळतात. खासगी फोटो पसरण्याची भीती असेल तर स्टॉप-एनसीआयआय नावाची मोफत सोय आहे. तिथे फोटो तुमच्या फोनमधून बाहेर न जाता त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यात सहभागी असलेल्या समाजमाध्यमांवर तो फोटो अडवायला मदत होते.

पायरी ७: पहिली भेट

दिवसा, गर्दीच्या ठिकाणी, आपापल्या वाहनाने. संभाजीनगरला निराला बाजार, कॅनॉट किंवा प्रोझोन, लातूर-नांदेडला मुख्य रस्त्यावरचं चांगलं हॉटेल. पडदे लावलेले कप्प्या-कप्प्यांचे कॅफे नकोत. तिथे पोलिसांची तपासणी होते आणि पहिल्याच भेटीला नको ती शोभा होते. दौलताबाद-वेरूळची बाइकवरची सहल दुसऱ्या-तिसऱ्या भेटीसाठी ठेवा. (वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, तेवढं बघून ठरवा.)

गाव लहान असेल तर तिथे भेटूच नका. सेलूच्या मुलीने परभणीत भेटावं, माजलगावच्या मुलाने बीडला जावं. दोघांना सारखं पडेल असं तिसरं गाव निवडलं तर आणखी बरं. शेवटची एसटी कितीची आहे ते आधी बघा, म्हणजे ‘मी सोडतो ना’ ही वेळ येत नाही. मैत्रिणीला किंवा बहिणीला समोरच्याचं नाव, नंबर, फोटो आणि जागा कळवून ठेवा, फोनचं लाइव्ह लोकेशन चालू ठेवा. गरज पडली तर पोलिसांसाठी ११२ लावा.

बिल निम्मं-निम्मं करा. पैशाकडे समोरचा कसा बघतो ते तेवढ्यात कळतं.

शरीरसंबंधाचा विषय लग्नाच्या वचनाशी बांधू नका, ना मागताना ना देताना. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९प्रमाणे, पाळायचंच नाही असं लग्नाचं वचन देऊन किंवा खरी ओळख लपवून लग्न करून ठेवलेले संबंध हा दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे.

पायरी ८: घरी सांगणं

इथे बहुतेक जण गडबडतात. सहा महिने काही बोलत नाहीत आणि एका रात्री जेवताना बॉम्ब टाकतात. त्यापेक्षा ॲपवर खातं काढलंय हे आधीच हळूच सांगा. ‘पुण्यात सगळे त्यावरच बघू लागलेत’ असं म्हणायचं, कुणाचं नाव न घेता. मग माणूस पक्का झाला की आधी एकालाच विश्वासात घ्या: मोठी बहीण, वहिनी किंवा मामा. आपल्याकडे मामाचा शब्द आईला मोडवत नाही. अर्थात, मामाचीच मुलगी तुमच्यासाठी धरून ठेवलेली असेल तर दुसरा माणूस शोधा.

वडिलांना प्रेमकथा सांगू नका, स्थळ सांगा. शिक्षण, नोकरी, गाव, घरची माणसं, तुम्ही केलेली चौकशी. ‘आम्ही ऑनलाइन भेटलो’ हे वाक्य त्यांच्या डोक्यात फसवणुकीच्या बातम्या जागवतं. तुम्ही सातबाऱ्यापासून कोर्टापर्यंत सगळं बघितलंय हे दिसलं की बोलणं दुसऱ्या वळणावर जातं.

जात वेगळी असेल तर किती विरोध होईल याचा अंदाज दोघांनी आधीच, रोकठोक घ्यावा. नुसती नाराजी असेल तर वेळ द्या. एखादं वर्ष थांबून दोन्ही घरं मांडवात आलेली मी पाहिलीत. जिवाचा धोका असेल तर मात्र वेळ द्यायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी प्रकरणात २०१८ साली प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष नेमायचे आदेश दिलेत. पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

वेगळ्या धर्मातलं किंवा विधीशिवाय लग्न करायचं असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. मुलाचं वय २१ आणि मुलीचं १८ पूर्ण हवं. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला असावा लागतो. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिली की ती कचेरीत लावतात आणि ३० दिवस वाट बघावी लागते. हरकत फक्त कायद्यातल्या कारणांवर घेता येते: आधीचा जोडीदार हयात असणं, वय, मानसिक अक्षमता, निषिद्ध नातं. ‘आमच्या घराण्याला मान्य नाही’ हे कारण त्यात नाही. तीन साक्षीदार लागतात आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न व्हावं लागतं. नोटीस भिंतीवर लागते म्हणजे ओळखीच्या कारकुनाकरवी घरी बातमी जाऊ शकते, हे धरून जिल्हा निवडा.

दोघांपैकी एक जण अनुसूचित जाती-जमातीचा, भटक्या-विमुक्तांपैकी किंवा विशेष मागास प्रवर्गातला आणि दुसरा सवर्ण असेल तर राज्यात ५० हजार रुपयांचं प्रोत्साहन मिळतं. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करायचा.

हुंड्याची भाषा ऑनलाइन स्थळातही येते, फक्त गोड होऊन. ‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या’ असं म्हणतात, मग गाडीचा मॉडेल सांगतात. १९६१च्या कायद्याने देणं, घेणं आणि मागणं तिन्ही गुन्हा आहे. मुलाने पहिल्याच भेटीत ‘आमच्याकडून काही मागणी नसेल’ असं म्हणावं आणि पुढे आईवडिलांसमोर ते वाक्य तसंच बोलून दाखवावं. तिथे तो गप्प बसला तर मुलीने पुढचा विचार जरूर करावा.

पायरी ९: सुपारी फुटण्याआधीचं बोलणं

थोडक्यात: लग्नानंतर राहणार कुठे, गावी की पुण्यात. आईवडील सोबत असतील का, त्यांच्या दवाखान्याचा खर्च कोण बघणार. मुलीने माहेरी पैसे पाठवले तर चालेल का. कर्ज किती. मूल हवं का, कधी. थॅलेसेमिया आणि एचआयव्हीची रक्ततपासणी दोघांनी करावी. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. बस्ता, मांडव आणि जेवणावळीचा खर्च कुणी किती करायचा हे आकड्यांत ठरवा, नाहीतर मुलीचा बाप गप्प बसून सावकाराकडे जातो.

पायरी १०: आवरासावर

लग्न ठरलं की ज्यांच्याशी बोलणं चालू होतं त्यांना दोन ओळी लिहून कळवा, नुसतं गायब होऊ नका. मग ॲप फोनमधून काढण्याआधी आतलं खातं डिलीट करा. नुसतं ॲप काढलं तर तुमचा फोटो तिथे तसाच फिरत राहतो. साइटवर ‘लग्न ठरलं’ असं कारण देऊन प्रोफाइल बंद करता येतं, पैसे आपोआप कापले जात असतील तर तेही थांबवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बायोडाटा टाकणाऱ्या काकांना फोन करून तो मागे घ्यायला सांगा. एवढं करूनही पुढच्या लग्नसराईत, मांडीवर लेकरू असताना, कुठल्या तरी गावाहून फोन येईल: पाव्हणे, तुमची मुलगी बघायला कधी येऊ?